घर आमचं, जागा मालकाची

गेल्या वैशाख पौर्णिमेला आम्ही नऊ पोरं मळवली स्टेशनला उतरलो. दोघं वरळीचे, तिघं पिंपरीचे, बाकीचे दापोडी-खडकीचे. हातात निळे झेंडे. एकाच्या टी-शर्टवर छातीभर अक्षरात छापलेलं : मूळनिवासी. कार्ल्याच्या पायऱ्या चढलो, चैत्यगृहात त्रिसरण-पंचशील घेतलं, नि मग त्या टी-शर्टवाल्या दोस्तानं तिथंच भाषण ठोकलं. ही लेणी आमच्या बापजाद्यांची. आम्ही ह्या देशाचे मूळचे, बाकी सगळे उपरे. टाळ्या पडल्या. दगडाच्या कमानीखाली टाळ्या दुप्पट वाजतात.

उतरताना पायऱ्यांच्या कडेला एक कातकरी म्हातारी पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन बसलेली. द्रोण वीस रुपयाला. आमचा वक्ता म्हणाला, "दहाला दे." तिनं दिला नाही. पहाटे उठून काट्यात हात घालून तोडलेली करवंदं ती दहाला का देईल? हा पुढं चालता झाला नि जाताना पुटपुटला, "माजलीत साली."

मी खाली बसलो. विचारलं, "आजी, वाडी कुठली?" तिनं हातानंच डोंगराच्या अंगाला दाखवलं. "घर आमचं हाय, जागा मालकाची. आता मालकानं तारेचं कुंपन घातलंय. आमाला जायायेयापुरती वाट ठेवलीय." मग तिनं विचारलं, "तुमी कुठलं रं पोरांनो?" वक्ता परत आला होता. ऐटीत म्हणाला, "आम्ही मूळनिवासी."

म्हातारी जरा विचारात पडली. "मूळनिवासी? ते कुठं आलं?"

तिला ते गावाचं नाव वाटलं. आम्ही हसलो. पुण्याच्या लोकलमध्ये बसलो तेव्हा मात्र माझं हसू पार वाळून गेलं होतं. आठ पिढ्या ह्या डोंगरात काढूनही जिच्या पायाखालची जागा तिची नाही, तिला आम्ही आमचं मूळ सांगत होतो! हा लेख त्या म्हातारीच्या प्रश्नाचं उत्तर शोधण्यासाठी आहे. ज्यांना फक्त भाषणं ऐकायचीत त्यांनी पान उलटावं.

आधी अभिमानाचं बोलू, कारण तो अभिमान खोटा नाही. कार्ल्याचं चैत्यगृह हे भारतातलं सगळ्यात मोठं कोरीव चैत्यगृह. कोणी उभं केलं? भिंतीवर नावं आहेत. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल आहे. धेनुकाकटचा अत्तरं विकणारा गंधी सिंहदत्त आहे. त्याच धेनुकाकटचा सामी नावाचा सुतार, वेणुवासाचा पोर, आहे. त्यानं दाराचं काम करून दिलं नि आपलं नाव दगडात ठेवलं. यवन आहेत, त्यांच्या नावाचे खांब आहेत. लेखांची भाषा प्राकृत, म्हणजे बाजारातली, रस्त्यावरची. ज्या देशात पुढं सुताराची सावली मोजली गेली, त्या देशात एका सुतारानं दगडावर सही केली होती. पुढं आपल्याला काय सांगितलं गेलं? पांडवांनी एका रात्रीत कोरलं. सुताराचं नाव पुसायला ह्यांना छिन्नी लागली नाही. एक पुराणकथा पुरली! ती लिपी वाचायचं इथल्या सगळ्या पंडितांना विसरायला झालं होतं. १८३७ साली प्रिन्सेप नावाच्या गोऱ्यानं ती उलगडली. संस्कृती मारण्याची ही पहिली तऱ्हा : वस्तू जागेवर ठेवायची, धनी बदलायचा.

पण दोस्तांनो, भिंत वाचायची तर सगळी वाचा. त्याच भिंतीवर आणखी एक लेख आहे. नहपानाचा जावई उषवदात, त्यानं करजिक नावाचं गाव इथल्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी देऊन टाकलं. पुढं सातवाहनांचं राज्य आलं, तेव्हा राजानं मामालच्या अमात्याला हुकूम सोडला की ते गाव भिक्षूसंघाकडे द्यावं. मामाल म्हणजे आपलं मावळ. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी मावळचं नाव दगडावर आलं ते असं, गाव देऊन टाकण्याच्या हुकमात. गावात राहणाऱ्यांना, रानात फिरणाऱ्यांना कोणी विचारलं होतं का? लेखात तसं काही नाही. राजानं दिलं, संघानं घेतलं. बुद्ध आपला आहे म्हणून हा प्रश्न गिळायचा का? बुद्धानंच सांगितलंय, तपासून घ्या. मी तपासतोय.

आता देवीचं बोलू, कारण तिथं आपली पोरं लगेच हातघाईवर येतात. चैत्यगृहाच्या तोंडाशीच एकवीरेचं देऊळ. चैत्रात रायगड-ठाणे-मुंबईचे कोळी-आगरी पालख्या घेऊन येतात, वाजतगाजत, कोंबडं-बकरं घेऊन. आपल्यातले काही म्हणतात, देऊळ हटवा. पलीकडचे म्हणतात, ह्यांनाच हटवा. थांबा जरा. ह्या कोळ्याशी तुमचं भांडण काय आहे? दामोदर धर्मानंद कोसंबी ह्या डोंगरांतून पायी हिंडले नि १९६२ सालच्या 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी'त त्यांनी मांडलं की जुन्या पायवाटा जिथं एकमेकींना भेटतात तिथं रानातल्या माणसांच्या मातृदेवतांची ठाणी होती, नि लेणी त्याच वाटांच्या आधारानं उभी राहिली. म्हणजे देवी ही बुद्धाची शत्रू म्हणून मागाहून आली एवढंच खरं नाही. तिचं मूळ कदाचित लेण्याच्याही खाली आहे. तिच्यावर डल्ला मारला तो वेगळ्यांनी. त्यांनी तिला रेणुका केलं. रेणुका कोण? जिचं मुंडकं तिच्याच पोरानं, परशुरामानं, बापाच्या हुकमावरून उडवलं ती! मासे मारणाऱ्या माणसांच्या मोकळ्या आईला त्यांनी ब्राह्मण ऋषीची शिक्षा झालेली बायको करून टाकलं. सुताराच्या जागी पांडव, आईच्या जागी रेणुका. एकाच दुकानातला माल. कोळ्याचं नि आपलं चोरलं ते एकाच चोरानं. मग पायऱ्यांवर एकमेकांची गचांडी धरून आपण कोणाची चाकरी करतोय?

मग गोरे आले. आपल्यात गोऱ्यांबद्दल एक हळवा कोपरा आहे. त्यांनी शाळा उघडली, पलटणीत घेतलं, पेशवाई बुडवली. ते मी नाकारत नाही. पण खंडाळ्याच्या घाटात शिंग्रोबाचं ठाणं आहे, जुन्या रस्त्यानं जाणारे ड्रायव्हर आजही तिथं नाणं टाकतात. लोक सांगतात ती गोष्ट अशी : शिंग्रोबा धनगर. साहेबाच्या इंजिनियरांना घाट उतरायची वाट सापडेना. ह्यानं आपल्या शेरडांची वाट दाखवली. साहेब खूश, म्हणाला, माग काय पाहिजे ते. शिंग्रोबा म्हणाला, आम्हाला आमचं राज्य परत द्या. साहेबानं गोळी घातली. कागदावर ह्याचा पुरावा मागू नका. घाटाच्या माणसांनी आपल्यावर काय गुदरलं ते ह्या गोष्टीत साठवून ठेवलंय. कागदावरचं पाहिजे तर घ्या : बोरघाटाची रेल्वे १८६३ साली सुरू झाली, कामाच्या भरात तिथं एका वेळी चाळीस हजारांवर मजूर खपत होते नि पटकी-तापानं किड्यामुंगीसारखे मरत होते. त्यांचा एकही शिलालेख नाही. दोन हजार वर्षांत सुताराची तेवढी पत उतरली.

रेल्वेमागून जंगलचा कायदा आला. १८६५चा, मग त्याहून कडक १८७८चा. कातकरी हे नावच काथावरून पडलं. खैराच्या लाकडाचा काथ काढणारा तो कातकरी. कायद्यानं जंगल राखीव झालं, खैर सरकारचा झाला, कुऱ्हाड गुन्हा झाली. डोंगरउतारावर राब भाजून नाचणी-वरी पेरायची दळी परवान्यावर आली. एका दिवसात माणसाचं नाव उरलं नि त्या नावाचं काम गेलं. विचार करा, कुंभाराला चिखल बंद, कोळ्याला समुद्र बंद. मग हा माणूस करणार काय? गेला ठेकेदाराच्या कोळसाभट्टीवर, पुढं वीटभट्टीवर. दसरा-दिवाळीला मुकादमाकडून उचल घ्यायची, बायकापोरं घेऊन भट्टीवर जायचं, पावसाच्या तोंडाला रिकाम्या हातानं वाडीवर यायचं. उचल फिटत नाही, वर 'बाकी' निघते. १९७६ साली वेठबिगारी बंद करणारा कायदा झाला. मुकादमाच्या वहीला तो कोणी वाचून दाखवला नाही.

आणि धरणं. १९११ साली लोणावळ्यात टाटांच्या जलविद्युत कामाची कोनशिला बसली. लोणावळा, वळवण, शिरवता इथं पाणी अडवलं, डोंगराखाली खोपोलीला सोडलं, १९१५ पासून त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या फिरायला लागल्या. आता इथं आपल्या आज्याला आणा. तो त्याच गिरणीत होता. पण विणकाम खात्यात त्याला मज्जाव, कारण धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे नि महाराची थुंकी बाटवते! म्हणजे बघा, मावळच्या माणसाचं शिवार बुडवून आलेल्या विजेवर माग चालत होता नि त्या मागाला आपला आजा शिवू शकत नव्हता. एकाच तारेच्या दोन टोकांना आपण दोघं लटकलो होतो, नि एकाला दुसऱ्याची खबर नव्हती. शंभर वर्षं होऊन गेली, अजून नाही. पुढं १९२१ ते १९२४ मुळशीला सत्याग्रह झाला, सेनापती बापट तुरुंगात गेले. शूर लढा होता, मान्य. पण मोबदल्याचा हिशेब मांडला गेला तो जमीन ज्याच्या नावावर त्याच्याशी. त्यात पुण्याचे सावकारही होते. ज्याच्या नावावर ढेकूळही नाही त्या कातकऱ्याचं काय बुडालं, हे मोजायला माप कुठंय? त्याचं तर रान बुडालं, ओढा बुडाला, खेकड्यांची बिळं, कंदांच्या जागा, मेलेल्यांना पुरल्याच्या खुणा बुडाल्या.

१९४७ साली गोरे गेले. जंगलाचा १९२७चा कायदा मात्र राहिला. नि मागाहून शनिवार-रविवार आला! द्रुतगती मार्ग २००२ साली पुरा झाला तशी मुंबई-पुण्याच्या पैशाला मावळची हवा मानवायला लागली. डोंगर प्लॉट झाले, तळी 'लेक व्ह्यू' झाली. ज्या मालकानं तीस-चाळीस वर्षं वाडीकडे ढुंकून पाहिलं नव्हतं, त्याला अचानक आठवलं की ही जागा आपली. आधी कुंपण, मग वाट बंद, मग हापशाकडं जायला मनाई, मग 'तुम्हाला पलीकडं पत्र्याची खोली देतो'. सगळं गोडीत. पाव्हण्यांच्या करमणुकीला मात्र वाडीवरचीच पोरं लागतात. पानांचे घागरे घालून शेकोटीभोवती 'आदिवासी नृत्य'. वाडीवर कोणी मेलं तर नाचायचं नाही ही रीत आहे. रिसॉर्टच्या बुकिंगला रीत नसते.

तारखांचीही गंमत बघा. ९ ऑगस्ट हा जगभर आदिवासी दिन. युनोनं तो १९९४ साली ठरवला. २०११ सालच्या त्याच ९ ऑगस्टला, मावळातल्या बऊरजवळ, पवनेचं पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला न्यायच्या विरोधात शेतकरी द्रुतगती मार्गावर उतरले नि पोलिसांच्या गोळीबारात तिघं मेले, त्यात एक बाई. ते शेतकरी होते, कातकरी नव्हते. पण पाणी वरून उचलून खाली शहराला न्यायचं नि मधल्या माणसाला गोळी घालायची ही शिंग्रोबाचीच गोष्ट नाही का? साहेब तेवढा बदलला.

आणि दिल्लीची लबाडी ऐका. २००७ साली युनोत मूळच्या लोकांच्या हक्कांचा जाहीरनामा आला. अमेरिकेनं, कॅनडानं, ऑस्ट्रेलियानं, न्यूझीलंडनं आधी विरोधात मत दिलं. निदान चोर चोरासारखे वागले. भारतानं बाजूनं मत दिलं, नि भूमिका काय? तर स्वातंत्र्याच्या वेळी जे जे इथं होते ते नि त्यांचे वंशज सगळेच मूळचे! सगळेच मूळचे म्हणजे मूळचा असा कोणीच नाही. बंगलेवालाही मूळचा, म्हातारीही मूळची, मग कुंपण घातलं तर बिघडलं काय? जोडीला त्याला 'वनवासी' म्हणणारे आहेतच. वनवासी म्हणजे रानात राहणारा. रामही चौदा वर्षं वनवासी होता, नंतर घरी गेला. आदिवासी म्हणजे पहिला. त्यांना 'पहिला' हा शब्द झोंबतो, कारण पहिला म्हटलं की दुसरा कोण, तिसरा कोण, आपण केव्हा आलो हे सांगावं लागतं.

मग उरलं काय? पुण्याला १९६२ पासून सरकारची आदिवासी संशोधन संस्था आहे, तिचं संग्रहालय आहे. काचेमागं टोपल्या, मासे धरायची साधनं, मुखवटे. संग्रहालय वाईट असं मी म्हणत नाही. पण काचेमागची टोपली ज्या बांबूची, तो बांबू तोडायला गेलं तर पावती फाडणारा गार्ड उभा आहे, हे काचेखालच्या चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं.

खरं उरलंय ते वाडीवर. पहिल्या पावसाला शेवळं कुठं येतात, भारंगी कधी खुडायची, कुर्डू-टाकळा-करटोली ह्यांच्यातलं काय कशासोबत शिजवायचं. ओढ्याला चढणीचे मासे कोणत्या रात्री येतात. बांधातलं उंदराचं बीळ कसं ओळखायचं नि त्यानं साठवलेलं भात कसं काढायचं. वाघ गेला तरी वाघोबा आहे, वाघबारस आहे. कातकरी बोली आहे, जी शाळेच्या पुस्तकात नाही नि जी बोलली की वर्ग हसतो. आपण ओळखतो तो हशा. आपल्या आईच्या बोलण्यालाही तो ऐकायला मिळालाय. ही संस्कृती इतकी झोडली, तरी मेली नाही. ती टिकली कारण ती रोज पोट भरते. म्हणूनच ती मारायला पुस्तकं जाळावी लागत नाहीत. ओढा बंद केला, वाट बंद केली की एका पिढीत खलास. जे लोक 'संस्कृती जपा' म्हणतात नि सातबाऱ्याचं नाव काढत नाहीत, ते एकतर मूर्ख आहेत नाहीतर मालकाचे दोस्त आहेत.

आता आपल्याकडं वळतो.

देहूरोडला, मावळच्या तोंडाशी, २५ डिसेंबर १९५४ला बाबासाहेबांनी बुद्धमूर्ती बसवली. तळेगावात त्यांचं घर होतं. म्हणजे हा मुलूख त्यांनी पायाखाली घातलेला. १९३६ सालच्या 'जातिनिर्मूलना'त त्यांनी हिंदूंना खडसावून विचारलं होतं की तुमच्या ह्या थोर संस्कृतीच्या मधोमध आदिवासी हजारो वर्षं तसेच राहिले, तुम्ही त्यांच्याकडं गेला का नाहीत? नि उत्तरही दिलं होतं : जातीमुळं. त्यांच्यात जाऊन राहिलं, त्यांना आपलं म्हटलं तर जात जाते. त्या काळची 'सुधारणे'ची भाषा सोडून द्या. कातकऱ्याला कोणी माणूस बनवायची गरज नाही, तो माणूसच आहे. पण मूळ सवाल आज आपल्याकडं तोंड करून उभा आहे. हिंदू गेले नाहीत. आपण तरी गेलो का? बाटण्याची भीती आपल्याला नाही ना? मग "माजलीत साली" हे कुठून आलं तोंडात?

१९७३ साली पँथरच्या जाहीरनाम्यात 'दलित' शब्दाचा अर्थ लिहिला, त्यात अनुसूचित जमाती होत्या, भूमिहीन होते, बाया होत्या. आपण तो जाहीरनामा पाठ केला नि त्यातली अर्धी माणसं गाळली. आपल्याला निदान महारवाडा होता. गावकुसाबाहेरचा, शिव्यांचा, पण गावाच्या नकाशात असलेला. वतन होतं, गुलामीचं होतं, ते मोडायला बाबासाहेबांनी १९२८ साली विधेयक आणलं, १९५८च्या कायद्यानं ते गेलं. पण मोडायला तरी काही होतं! कातकऱ्याच्या वाडीचं नाव कित्येक ठिकाणी कागदावरच नाही. महाराष्ट्रात केंद्र सरकारनं अतिमागास ठरवलेल्या तीन जमाती आहेत, माडिया, कोलाम नि कातकरी. त्यातली एक आपल्या लोकलच्या खिडकीतून दिसते.

म्हणून सांगतो, भाषण पुरे, फाईल करा. हसू नका. जातीचा दाखला काढायला अनुसूचित जमातीच्या माणसाला ६ सप्टेंबर १९५०च्या आधीचा पुरावा लागतो. भट्टी-भट्टीवर जन्मलेल्याकडं कुठला शाळेचा दाखला नि कुठला जन्माचा? ज्याचं नावच काथावरून पडलं त्याला तहसीलदार विचारतो, तू कातकरी कशावरून? आपल्या घराघरात एक तरी माणूस आहे ज्याला हे कागद कुठून काढायचे, कोतवाल बुकाची नक्कल कशी मागायची, तलाठी टाळायला लागला तर काय करायचं हे ठाऊक आहे. तीन पिढ्या आपण हेच शिकलो. ती आपली खरी इस्टेट आहे, ती वाटा. २००६चा वनहक्क कायदा आहे, १३ डिसेंबर २००५च्या आधीपासून जंगलजमीन कसणाऱ्या आदिवासीचा त्यात हक्क आहे, रानातल्या कंदमुळांवर, माशांवर, मधावर अख्ख्या वाडीचा सामूहिक हक्क आहे. ग्रामसभेत दावा पडला पाहिजे, वनहक्क समिती बसली पाहिजे. खासगी जागेवरच्या वाडीला गावठाण मागायला मोर्चा लागतो, मोर्चाला माणसं लागतात. आपण माणसं आहोत ना?

नि जाताना पुढारी म्हणून जाऊ नका. अमेरिकेत १९६९ साली तिथल्या मूळच्या पोरांनी अल्काट्राझ बेट ताब्यात घेतलं, एकोणीस महिने धरून ठेवलं. बोलले ते स्वतः. वाडीवरची पोरंही बोलतील, त्यांच्या बोलीत बोलतील. तेव्हा वर्ग हसला तर आपण हसणाऱ्याची बोलती बंद करायची, एवढंच आपलं काम.

पुढच्या वैशाख पौर्णिमेला कार्ल्याला जाऊच. सामी सुताराचं नाव बोट ठेवून वाचू. मग खाली उतरल्यावर स्टेशनकडं न वळता म्हातारीनं दाखवलं त्या अंगाला जाऊ, कुंपणातल्या त्या जायायेयापुरत्या वाटेनं. टी-शर्ट घालायचा असेल तर घाल, दोस्ता. फक्त ती परत विचारेल, मूळनिवासी कुठं आलं म्हणून. तेव्हा तिला दाखवायला हातात तिच्या वाडीच्या गावठाणाचा अर्ज असू दे. आणि करवंदं वीस रुपयालाच घे.

जय भीम.